तारखेच्या आत

२८ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

ऑपरेशन नाही! तीन तास बाकड्यावर बसवून ठेवलं आणि मोठ्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत फाईल परत हातात दिली. हिच्या पोटात गाठ आहे हे त्यांनीच सांगितलेलं, काढावी लागेल हेही त्यांनीच. आज म्हणतात, रक्तात अल्ब्युमिन २.४ आहे. म्हणजे प्रथिन. एवढ्या कमीवर पोट उघडलं तर टाके धरणार नाहीत, जखम चिघळेल. निदान ३.२ करून आणा, मग बघू.

किती दिवसांत? "तीन महिने. त्याच्या पुढं थांबता येणार नाही. गाठ कसली आहे ते काढल्याशिवाय कळायचं नाही."

मी विचारलं, चांगल्या खात्यापित्या घरातली बाई, हिच्यात प्रथिन कमी कसं? डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ते तुम्हीच सांगा, आण्णा."

मी काय सांगू! दारात दूध येतंय, दर रविवारी मटण शिजतंय. मी काय हिला उपाशी ठेवलीय? रिक्षात हिच्यावरच ओरडलो. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्यालाही चार शब्द सुनावले.

३० ऑक्टोबर

हॉस्पिटलात तळमजल्याला एक टेबल आहे, तिथं अर्शी नावाची मुलगी बसते. आहार सांगते. पंचविशीची असेल. हिला विचारलं, "काकू, काल दिवसभरात काय काय खाल्लासा?"

"जेवले की."

"व्हय, पण काय?"

"भाकरी. आमटी."

"मटण खातासा?"

"करते की, दर रविवारी."

"करता ते कळलं. खातासा का?"

मी म्हटलं, खाते! न खायला काय झालं? तर ती मुलगी मला म्हणते, "काका, तुमी जरा थांबा. काकूंना विचारायलेय मी." मला! माझ्या लेकीच्या वयाची पोर. 

अंड्याचा वास हिला उन्हाळ्यापासून सोसत नाही. दुधानं पोट फुगतं. मग अर्शीनं यादी दिली: प्रथिनाचे बार, सोयाची चिक्की, भाजलेले सोयादाणे. बार दिवसाला दोन. औषधाच्या दुकानात गेलो तर एक बार शंभर रुपयाला! चॉकलेटएवढा तुकडा. दुकानदाराला विचारलं, ह्यात सोनं घातलंय काय? तो म्हणाला, "घ्यायचं असलं तर घ्या, पावणं." घेतले दोन.

२ नोव्हेंबर, रविवार

पुण्याहून सम्राटचा फोन. "आण्णा, एक साइट आहे. बेस्ट बिफोरची तारीख जवळ आलेला माल असतो, निम्म्याहून कमी दरात. जिमची पोरं तिथनंच घेतात."

म्हटलं, तुझ्या आईला शिळं घालू?

"शिळं नसतंय ते. तुम्हाला तरी कळायला पाहिजे."

मला कळायला पाहिजे! एकतीस वर्षं दूध संघाच्या डेअरीत पॅकिंगला काढली मी. पिशवीवर तारीख पडते ना, ती माझ्या हाताखालून जायची. 'या तारखेपर्यंत उत्तम' म्हणजे दुसऱ्या दिवशी विष होत नाही, हे मला पोरानं शिकवायला नको. पण तारीख म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. त्या एका दिवसापायी मी सख्ख्या मेव्हण्याला घरी बसवलाय. गणपतराव, हिचा थोरला भाऊ, माझ्याच खात्यात होता. १९९९ साली टँकर उशिरा आला, दूध अडकलं, आणि यानं आठशे पिशव्यांवर उद्याची तारीख मारली. दूध चांगलं होतं, मी स्वतः पिऊन बघितलं. तरी लेखी तक्रार केली. त्याची नोकरी गेली. तो राधानगरीकडं गावाला जाऊन म्हशी राखायला लागला. हिचं माहेर तेव्हापासून बंद. माझं चुकलं नाही. आजही नाही चुकलं.

आणि आता मी संपत आलेला माल शोधून शोधून विकत घ्यायचा!

३ नोव्हेंबर

घेतला. सम्राटनं फोनवरून सांगितलं कुठं कुठं दाबायचं. काय करणार? पेन्शन रबराची नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

पार्सल आलं. दोन खोकी, चोवीस चोवीस बार. साइटवर लिहिलेलं तारीख ६ डिसेंबर. एका खोक्यावर तीच आहे. दुसऱ्यावर १५ नोव्हेंबर! सात दिवस! सात दिवसांत चोवीस बार खाऊन माणूस मरेल!

फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग एक बाई हिंदीत: "सर, डिस्काउंट है ना उस पर." म्हटलं, बाई, डिस्काउंट तारखेवर दिलाय, तारीख खोटी सांगण्यावर नाही! "सर, आप ग़ुस्सा क्यों हो रहे हैं?" फोन कट. पुन्हा लावला. पुन्हा गाणं. तिसऱ्यांदा एक बाप्या भेटला, त्यानं 'सॉरी' म्हणून पन्नास रुपयांचं कूपन दिलं. पुढच्या खरेदीवर! चोराच्या उलट्या बोंबा!

इतका ओरडलो की समोरच्या बेकरीतले आरिफभाई पळत आले. "काय झालं आण्णा? मारामारी हाय काय?" खोकं हातात घेऊन उलटंपालटं केलं. "माझ्याकडचा कालचा पाव निम्म्या दरात दिला तर तुमी तोंड फिरवतासा. आन् हे कुठल्या गावचं, कवाचं, ते पैसे भरून मागवलासा व्हय?"

म्हटलं, हे औषध आहे. हसले. मला राग आला. त्यांच्याकडचा पाव आता महिनाभर घेणार नाही.

९ नोव्हेंबर

एक फोडून खाऊन बघितला. पेंडीत गूळ कालवल्यासारखा लागतो. दाताला चिकटतो. पण वास स्वच्छ आहे, तेल खवट झालेलं नाही. माल ठीक आहे.

फडताळात लावून ठेवले. डेअरीच्या पद्धतीनं. आधीची तारीख पुढं, नंतरची मागं. हिला समजावून सांगितलं. म्हणाली, "एवढं मला कळतंय की." कळतंय तर बरंच आहे.

१५ नोव्हेंबर

आश्चर्य! पहिलं खोकं संपलं. मी दोनच सांगितले होते, हिनं दिवसाला तीन-तीन खाल्ले, चार तेवढे आरिफभाईंच्या घरी दिले. मी दोन दिवस विसरलो होतो, ही नाही विसरली. तक्रार नाही, नाटक नाही. चहाबरोबर मुकाट्यानं खाते, कागद धुऊन वाळत घालते. कशाला, तर "चांगला हाय कागद."

कागदावरूनही ओरडलो. पण मनातून बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर

आणखी एक खोकं मागवलं. यावेळी तारीख बरोबर आली. बहुतेक माझा आवाज तिकडं कुठंतरी लिहून ठेवलाय.

२ डिसेंबर, मंगळवार

२.८!! चोवीसाचं अठ्ठावीस झालं! मोठे डॉक्टर चक्क हसले. अर्शीनं हिचा हात धरला, "काकू, जिंकलासा की!" ही लाजली. बाहेर आल्यावर हिला विचारलं, काय खाणार? म्हणाली, "तुमी काय घेतासा ते." मी मिसळ घेतली. हिनं माझ्या बशीतला राहिलेला पाव खाल्ला.

संध्याकाळी तालमीजवळ हंबीरराव भेटला. डेअरीतला जुना सोबती, बॉयलरवर होता. सगळं सांगितलं, बढाई मारत सांगितलं. तर तो म्हणतो काय, "म्हंजे जन्मभर लोकांस्नी ताजं पाजलंस आन् बायकूला तारीख संपलेलं चारतोस?"

संपलेलं नाही, संपत आलेलं! ओरडून सांगितलं. चार माणसं वळून बघायला लागली. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. भडव्यानं नेमकं वर्मावर बोट ठेवलं.

५ डिसेंबर

पुरे झालं स्वस्तातलं. मोठ्या दुकानात जाऊन ताजा माल आणला. पूर्ण दरात. साठ बार. तारीख ऑगस्ट २०२६! खोकी टेबलावर ठेवली, हिला म्हटलं, बघ. ऑगस्ट. आता शिळंपाकं बंद.

हिनं खोक्यावरून हात फिरवला. "लई महाग असतील." म्हटलं, तुला काय करायचंय, खा.

१९ डिसेंबर

चालू आहे. रोज विचारतो, खाल्लास काय? "व्हय." चेहरा मात्र ओढलेला दिसतो. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलाय, खोकला सगळ्यांनाच आहे. त्यानं असेल.

३० डिसेंबर, मंगळवार

२.६.

वाढायचं सोडून उतरलं! महाग माल खाऊन उतरलं! लॅबवाल्याशी भांडलो, म्हटलं नळी बदलली असेल, पुन्हा काढ. पुन्हा काढलं. २.६. मग अर्शीशी भांडलो. म्हटलं, तुझी यादीच चुकीची. ती शांतपणे म्हणाली, "काका, काकू खातात हे तुमी डोळ्यांनी बघितलासा?" म्हटलं, मी नवरा आहे तिचा, पोलीस नाही!

मोठे डॉक्टर म्हणाले, "महिना उरलाय. नाहीतर मला आहे त्या अवस्थेत पोट उघडावं लागेल. मग जे होईल ते होईल."

कंपनीवाल्यांना सोडणार नाही मी. ग्राहक मंचात जाणार. प्रथिनाच्या नावाखाली भुसा विकतात!

३१ डिसेंबर

सापडले.

तक्रारीसोबत खोकं जोडायचं म्हणून शोधायला गेलो. पाहुण्यांच्या कपबशा ठेवतो ते कपाट. कपबशांच्या मागं, दिवाळीतल्या नव्या चादरीत गुंडाळून. चव्वेचाळीस बार. साठातले चव्वेचाळीस! जे सोळा गेले त्यातले किती हिनं खाल्ले आणि किती सम्राटची पोरं आली तेव्हा त्यांना दिले, देव जाणे.

हिला समोर उभी केली.  म्हटलं, खोटं बोललीस? रोज विचारत होतो मी! रोज!

"खोटं कुठं? मधनंमधनं खात हुते की."

का नाही खाल्लेस?

"आगस्टची तारीख हाय की त्याच्यावर." असं म्हणाली जसं काही मीच खुळा. "आत्ता कशाला फोडायचं? नवं हाय. पावणं आलं, पोरं आली, तर काय देऊ? जवळ आलं म्हंजे खाईन की मी. टाकून थोडंच देणार हाय?"

मी म्हटलं, मग आधीचे कसे खाल्लेस, धडाधड?

"ते वाया जात हुते न्हवं."

खाली बसलो. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

१ जानेवारी २०२६

आज दिवसभर स्वयंपाकघरात बसून होतो. काही बोललो नाही. नुसतं बघितलं.

सकाळी ताज्या पिशवीतलं दूध माझ्या चहाला. भांड्यातलं कालचं तिच्या चहाला. मला पोहे. तिनं रात्रीचा भात परतून घेतला. दुपारी नव्या वर्षाचं म्हणून मटण. फोडी माझ्या ताटात. माझं जेवण झाल्यावर ही बसली तेव्हा पातेल्यात हाडं आणि तांबड्या रश्श्याचं पाणी. त्यात सकाळची भाकरी कुस्करली. ताजी भाकरी टोपल्यात झाकून ठेवली. कुणासाठी? घरात आम्ही दोघंच!

एक्केचाळीस वर्षं. समोरच्या ताटात. मला डॉक्टरांनी विचारलं होतं, कसं कमी झालं? मी त्यांच्यावर चिडलो होतो.

माझी आईच हिला सांगायची, बाईमाणसानं उरलंसुरलं आधी संपवावं, अन्नाला पाय लागू नये. मी तिथंच बसलेलो असायचो. मला ते चांगलं वळण वाटायचं. आई गेली त्याला वीस वर्षं झाली. तिच्यावर चिडून काय उपयोग? मग कुणावर चिडू? गावाला ताजं दूध मिळावं म्हणून मी एकतीस वर्षं जीव काढला. घरातल्या पिशवीवरची तारीख कधी वाचली नाही. लाज वाटते. लिहितानासुद्धा वाटते.

२ जानेवारी

समोर बसून खायला लावलं. निम्मा खाल्ला, निम्मा कागदात गुंडाळला. "उद्याला हुईल." ओरडलो तर उरलेला तोंडात कोंबला आणि न्हाणीत जाऊन उलटी केली. म्हणाली, "नव्याचा घास नरड्याखाली जात न्हाय, काय करू मी?" रडली. एक्केचाळीस वर्षांत दोनदा रडलेली बघितलीय. एकदा आता.

साइट उघडली. तारीख जवळ आलेला माल पाहिजे! सगळीकडं 'माल संपला'. नव्या वर्षाचा संकल्प म्हणून सगळ्या ढेरपोट्यांनी उचलला असणार. आहे ते येणार पंधरवड्यानं. हसावं की डोकं आपटावं? घरात चव्वेचाळीस ताजे बार आणि मी जुने शोधतोय!

३ जानेवारी, शनिवार

आज जे केलं ते कुणाला सांगणार नाही. कागदालाच सांगतो.

मशीन यायच्या आधी आम्ही हातानं शिक्के मारायचो. पितळी मुठीचा, रबरी चाकं फिरवून तारीख लावायची. भंगारात काढले तेव्हा एक मी घरी आणला होता. पत्र्याच्या पेटीत होता. शाईची बाटली सुकलेली, स्पिरिट घालून पातळ केली. ही बाजारात गेल्यावर दार लावून घेतलं. कापसावर थिनर घेऊन एकेका बारवरचा ऑगस्ट पुसला. सहज जातो पुसला! इतका सहज जात असेल तर लोक बाहेर काय काय करत असतील!

मग चाकं फिरवली. बावीस बारवर १४ जानेवारी. बावीसवर २५ जानेवारी.

पहिला शिक्का मारताना हात थांबला. गणपतराव आठवला. त्याच्याविरुद्धच्या तक्रारीवर मी सही केली तेव्हा हात थांबला नव्हता. शिवी हासडली — त्याला की स्वतःला, ठाऊक नाही — आणि धाडकन मारला. चव्वेचाळीस वेळा मारला. मग जुन्या पार्सलच्या खोक्यात भरले, चिकटपट्टी लावली.

ही आल्यावर म्हटलं, ते दुकानात परत केले. हे साइटवरनं आलेत. लवकर संपव, वाया जातील.

"आगं बाई, चौदा तारीख!" म्हणाली. आणि एक फोडला.

५ जानेवारी

खाते आहे. दोन. कधी तीन.

१३ जानेवारी

मी लबाड आहे. काल टीव्हीवर भेसळीची बातमी लागली तर चॅनेल बदललं. ही खाते आहे. पूर्ण.

२१ जानेवारी

आरिफभाईंकडं पाव आणायला गेलो. म्हणाले, "वैनींच्या तोंडावर रया आली." मी म्हटलं, अडीच महिने झाले, तुमचा पाव खाल्ला नाही, त्यानं आली. हसले, मीही हसलो. किती दिवसांनी.

२७ जानेवारी, मंगळवार

३.२.

कागद तीनदा वाचला. तीन पूर्णांक दोन. मोठ्या डॉक्टरांनी पुढच्या बुधवारची वेळ दिली, ४ फेब्रुवारी. मी अर्शीच्या टेबलापाशी गेलो आणि भांडल्याबद्दल काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काका. तुमी ओरडला न्हाईसा तर मला करमत न्हाय."

२८ जानेवारी

ही जेवण झाल्यावर म्हणाली, "एक सांगू? शिक्का तुमचा हाय."

मी म्हटलं, कसला शिक्का?

"त्या बारवरचा. पैल्या दिवशीच कळलं मला. एकतीस वरसं तुमच्या शर्टाच्या बाह्या कुणी धुतल्या? ती शाई मला वासानं कळती."

  मग चिडलोच. म्हटलं, कळलं होतं तर ताजे आहेत हेही कळलं असणार! मग खाल्लेस कसे? तेव्हा घास उतरत नव्हता ना!

"भ्याले," म्हणाली. "म्हटलं, ह्या माणसानं तारीख बदलली! माझ्या दादासाठी एक दिवस इकडचा तिकडं केला न्हाय ह्यानं. आन् आता चोरून शिक्का मारतोय. म्हंजे माझं काय खरं न्हाय. मरायला टेकले असणार मी. मग खाल्लं. नाक दाबून खाल्लं."

उठून तांब्याभर पाणी प्यायलो. 

मग तिनं सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. "दादाला बोलवा. त्यो आल्याबिगर मी आत जायची न्हाय."

मी उसळलो. म्हटलं, त्याचं वेगळं आणि हे वेगळं! त्यानं लोकांना फसवलं. त्यानं तारीख पुढं ढकलली, मी मागं आणली. ह्यात कुणाचं नुकसान?

"व्हय. त्येनं एक दिवस ढकलला. तुमी सात महिने वढलासा." ताटं उचलली. "फोन लावा."

२९ जानेवारी

लावणार नाही. सत्तावीस वर्षं! मी काय त्याच्या पाया पडू?

३० जानेवारी

ही कपड्यांची पिशवी भरत नाही. हॉस्पिटलचा संमतीचा कागद पुढं केला तर अंगठा लपवते. सही येते तरी!

दुपारी सम्राटकडून नंबर घेतला. त्याच्याकडं होता! पोरगं मामाशी बोलत असतं, आणि मला ठाऊक नाही. ह्या घरात मला काय काय ठाऊक नाही?

लावला. "कोण?" आवाज म्हातारा झालाय. नाव सांगितलं. पलीकडं म्हैस ओरडल्याचं ऐकू आलं. मग हिचं नाव घेऊन म्हणाला, "बना बरी हाय न्हवं?" सांगितलं सगळं. गाठ, रक्त, बुधवार. शिक्क्याचंही सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं. त्यानं एवढंच विचारलं, "कवा न्हेणार आत?" सकाळी नऊ. फोन ठेवला.

माफी मागितली नाही. तक्रार खरी होती. पण ती लिहायच्या आधी त्याला बाजूला घेऊन दोन शब्द बोलता आले असते. ते मी केलं नाही, हे मात्र खरं.

४ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्या एसटीनं आला. डोक्याला मफलर, हातात दुधाची किटली. हिनं बघितलं, त्यानं हिच्या डोक्यावर हात ठेवला. सही केली हिनं.

अडीच तास एकाच बाकड्यावर बसलो, तो त्या टोकाला, मी या टोकाला. चहा आणला त्याला. घेतला.   मला इतका राग येत होता — डॉक्टरांचा, घड्याळाचा, त्याचा, बाकड्याचा — आणि त्या रागाखाली नुसती भीती होती. ही नसली तर मी कुणावर ओरडू?

मोठे डॉक्टर बाहेर आले. गाठ सबंध निघाली. तपासायला पाठवलीय. टाके नीट बसलेत. गणपतरावानं भिंतीकडं तोंड केलं. जाताना "येतो" म्हणाला. मला म्हणाला की किटलीला, कळलं नाही.

१० फेब्रुवारी

गाठ साधी निघाली! साधी! मोठे डॉक्टर आत येऊन स्वतः सांगून गेले. पिशवी भरतो, उद्या घरी.

१५ फेब्रुवारी, रविवार

भाकरी सध्या मीच थापतो. रात्री हिच्या ताटात दुपारची वाढली, उरली होती म्हणून. हिनं ताट पुढं सरकवलं.

"मला ताजी पायजे."

 मग पीठ मळलं, एक थापली, तव्यावर टाकली. फुगली नाही. हिनं गरमगरम खाल्ली, सगळी.

दुपारची मी खाल्ली. फार कडक होती.